हॉस्पिसमध्ये स्वयंसेवक म्हणून मालिश करायची आहे. तालमीतल्या हाताला काय शिकावे लागेल?

तालीमवाला (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात राहतो, वय ४८. मालिशचा हात मला घरातूनच मिळाला. माझे मामा पेठेतल्या एका तालमीत रोज जात असत आणि कुस्तीनंतर पैलवानांच्या मांड्या-पोटऱ्या रगडण्याचे काम मी पंधराव्या वर्षापासून त्यांच्याजवळ बसून शिकलो. पुढे रीतसर अभ्यासक्रम पूर्ण केला आणि गेली १७ वर्षे धावपटू, क्रिकेट खेळणारी मुले आणि दिवसभर संगणकासमोर बसून मान आखडलेली मंडळी यांच्यावर काम करतो आहे. आषाढात पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा आम्ही काही जण वारकऱ्यांचे पाय चेपून देतो. विनामोबदला सेवेचा माझा अनुभव एवढाच आहे.

गेल्या वर्षी माझे सासरे फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. शेवटचे तीन आठवडे ते घरीच होते. रात्री त्यांना झोप लागत नसे, तेव्हा मी त्यांच्या तळपायांना खोबरेल तेल लावून नुसता हात फिरवत असे. आमचे बोलणे पूर्वीही फारसे नव्हते आणि तेव्हाही झाले नाही, पण दहा-बारा मिनिटांत त्यांचा श्वास संथ होई आणि डोळा लागे. मी जे केले ते योग्य होते, की केवळ नशिबाने काही बिघडले नाही, हे मला आजही कळलेले नाही, आणि म्हणूनच येथे विचारतो आहे.

आठवड्यातून दोन दुपारी मला हॉस्पिसमधील, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात काळजी घेणाऱ्या संस्थेतील, रुग्णांसाठी द्यायच्या आहेत. अशा ठिकाणी बाहेरच्या मालिश करणाऱ्याला प्रवेश देतात का, त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते का, आणि मुख्य म्हणजे मी काय करता कामा नये, हे जाणकारांनी सांगावे. घरी काशाची वाटी आहे, ती वापरलेली चालेल का? मी पुरुष असल्यामुळे स्त्री रुग्णांच्या बाबतीत काय पद्धत असते? पत्नीला भीती वाटते की मी हे दुःख रोज घरी घेऊन येईन. तिला काय उत्तर द्यावे, तेही मला सुचलेले नाही.

निवृत्त_सिस्टर

तालीमवाला यांस,

‘मला सेवा करायची आहे’ असे सांगत येणारे पुष्कळ असतात. ‘मी काय करू नये’ असे विचारणारे फार थोडे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले. मी परिचारिका म्हणून ३१ वर्षे काम केले, त्यांपैकी शेवटची नऊ वर्षे उपशामक, म्हणजे आजाराचा त्रास हलका करणाऱ्या, विभागात.

‘आता काही करता येत नाही’ म्हणून रुग्णाला जेथे ठेवतात ते हॉस्पिस, हा समज आधी मनातून काढून टाका. १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस सुरू केले. माणसाची वेदना केवळ शरीराची नसते, तिच्यात भीती, घरच्यांची काळजी, पैशाची विवंचना आणि श्रद्धेचे प्रश्न मिसळलेले असतात, हे त्यांचे म्हणणे या सेवेचा पाया आहे. मालिशला तेथे जागा मिळते ती याच कारणाने. आपल्या देशातील पहिले हॉस्पिस, मुंबईतील शांती आवेदना सदन, १९८६ साली सुरू झाले. पुण्यात वारजे येथील सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांसाठी विनामूल्य काम करते आहे. कोणत्या संस्थेला कसे स्वयंसेवक हवे आहेत, हे त्या संस्थेलाच प्रत्यक्ष विचारावे. प्रत्येकीची पद्धत निराळी असते.

आता तुमच्या हाताबद्दल. तुम्ही आजवर ज्यांच्यावर काम केलेत त्यांची हाडे, कातडी आणि रक्त तुमचा जोर सोसू शकत होते, आणि हॉस्पिसमध्ये नेमके हेच गृहीत धरता येत नाही. स्तनाचा, पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) किंवा फुप्फुसाचा कर्करोग पुष्कळदा हाडांत उतरतो, आणि असे हाड तुमच्या दृष्टीने ‘हलक्या’ दाबानेही मोडू शकते. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णाची त्वचा पतंगाच्या कागदासारखी झालेली असते. नुसता हात घसटला तरी ती सोलवटते. ज्यांच्या रक्तातील प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, कमी झाल्या आहेत, त्यांच्या अंगावर बोटे रुतली की काळेनिळे वळ उठतात. म्हणून रुग्णाजवळ जाण्यापूर्वी त्या दिवशीच्या सिस्टरला ‘आज यांना हात लावू का, कोठे लावू, कोठे नको’ हे दर वेळी विचारायचे. काल विचारले होते हे आज उपयोगाचे नाही.

पायाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण मालिश म्हटले की आपला हात आधी पोटरीकडे जातो. कर्करोगात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि पायाच्या खोलवरच्या शिरेत गुठळी होऊ शकते. एकच पाय सुजलेला, गरम आणि दुखरा असेल, तर त्याला हात न लावता सिस्टरला सांगायचे. चोळण्याने ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतते. पाठीवर, दंडावर किंवा छातीवर औषधाची चिकटपट्टी दिसेल. ती बहुधा फेंटानिलची, म्हणजे तीव्र वेदनाशामकाची असते. तिच्यावर किंवा तिच्या आसपास तेल लावायचे नाही आणि गरम शेक तर मुळीच द्यायचा नाही, कारण उष्णतेने औषध नेहमीपेक्षा जास्त वेगाने अंगात शिरते. माकडहाडाजवळ किंवा टाचेवर लालसर डाग असेल, तर तो चोळून ‘रक्त खेळते’ करण्याचा मोह आवरावा. शय्याव्रणाची सुरुवात तशीच होते, आणि चोळल्याने आतली ऊती आणखी तुटते. आमच्या शिकाऊ दिवसांत पाठीला स्पिरिट लावून चोळणे हेच शिकवले जात असे. ती पद्धत चुकीची होती, हे आम्हीही उशिरा शिकलो.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्यावर हात सुजू शकतो, त्याला लिम्फेडेमा म्हणतात. त्या सुजेवर काम करण्याचे खास तंत्र आहे आणि ते प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचे काम आहे. तुम्ही त्या हाताला दाब देऊ नका. किरणोपचार झालेल्या जागेवर तेल नको. अर्बुद, म्हणजे कर्करोगाची गाठ, जेथे आहे, तेथे थेट चोळणे नको. प्राणवायूची नळी लावलेली असेल, तर चेहऱ्याजवळ तेल किंवा तेलकट मलम नेऊ नका, कारण प्राणवायूच्या सान्निध्यात ते पेट घेऊ शकते.

काशाच्या वाटीचे तुम्ही विचारलेत ते उत्तम केलेत, कारण कितीतरी नातेवाईक ती पिशवीत घेऊनच येतात. घरी धडधाकट माणसाला तुपाचा हात लावून वाटी फिरवली की छान झोप लागते, हे मीही अनुभवलेले आहे. तळपाय काळा होतो तो मात्र धातू आणि तूप यांच्या घर्षणाने; अंगातली उष्णता बाहेर पडल्याची ती खूण नव्हे. हॉस्पिसमध्ये वाटी नको. पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन, सिस्प्लॅटिन यांसारख्या औषधांनी पायांच्या नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे दाब जास्त होतो आहे हे रुग्णाला कळतच नाही, आणि हातातल्या वाटीमुळे ते तुम्हालाही कळत नाही.

सासऱ्यांच्या बाबतीत तुम्ही केलेत ते, वर्णनावरून, योग्यच होते. खोबरेल तेल, नुसता फिरवलेला हात, दहा मिनिटे. यापलीकडे फारसे काही लागत नाही.

हाडवैद्य_नव्हे

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सिस्टरांच्या वैद्यकीय सूचनांशी पूर्ण सहमत असूनही एक वेगळा मुद्दा मांडतो, आणि तो तालीमवाला यांना कदाचित आवडणार नाही.

२००८ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात अमेरिकेतील एक चाचणी प्रसिद्ध झाली. वाढलेल्या कर्करोगाच्या ३८० रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला दोन आठवड्यांत अर्ध्या तासाची सहापर्यंत मालिश-सत्रे मिळाली. दुसऱ्या गटातील रुग्णांच्या अंगावर ठरावीक जागी केवळ हात टेकवून ठेवण्यात आले, म्हणजे दाब नाही, चोळणे नाही. सत्र संपताच मोजले, तर वेदना आणि मनःस्थिती या दोन्हींत मालिशचा फायदा अधिक दिसला. मात्र पुढच्या दिवसांत दोन गटांच्या वेदनेत टिकून राहणारा फरक आढळला नाही, आणि केवळ हात टेकवलेल्या गटालाही त्या-त्या वेळी आराम वाटला होता.

याचा अर्थ मी असा घेतो की तेथे कौशल्याचा वाटा आपण समजतो त्याहून लहान आहे आणि कोणीतरी अर्धा तास आपल्यापाशी थांबले याचा वाटा मोठा. त्यामुळे ‘माझ्या उपचाराने यांचे दुखणे कमी होईल’ अशा अपेक्षेने जाऊ नये, आणि रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना तर तसे मुळीच सांगू नये. आधीच ती माणसे गल्लीबोळांतल्या जालीम इलाजांवर पैसे घालून थकलेली असतात. वेदना कमी करण्याचे मुख्य काम मॉर्फिनसारख्या औषधांचे आहे. तुमचा हात त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

निवृत्त_सिस्टर

चाचणीबद्दल वाद नाही. पण कौशल्याचा वाटा लहान, हे मला पटत नाही. हात टेकवून ठेवणे सोपे वाटते, तेवढे ते नसते. नवखा माणूस हात ठेवतो आणि तिसऱ्या मिनिटाला चुळबुळ करू लागतो. ती रुग्णाला लगेच कळते. ज्याने सतरा वर्षे माणसांच्या पाठी वाचल्या आहेत, त्याला स्नायू कधी आखडला आणि कधी सैलावला हे बोटांना समजते, आणि जो रुग्ण बोलू शकत नाही त्याच्याजवळ तेवढीच भाषा उरलेली असते.

शनिवारवाली

मी डॉक्टर नाही, परिचारिका नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर चार वर्षे दर शनिवारी उपशामक केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाते आहे. व्यवहाराच्या बाजूचे लिहिते.

पहिल्याच दिवशी कोणी तुम्हाला मालिश करू देईल अशी अपेक्षा धरू नका. सुरुवातीचे काही आठवडे पाणी देणे, वर्तमानपत्र वाचून दाखवणे, नातेवाइकांना औषधाच्या खिडकीपर्यंत सोबत करणे अशी कामे मिळतील आणि ती करावीत, कारण त्याच काळात कर्मचारी तुम्हाला पाहत असतात आणि तुम्हीही तेथील वास, आवाज आणि शांतता यांना सरावता. दुपारची वेळ निवडलीत, पण एक ते चार ही वेळ पुण्यात जशी पवित्र, तशीच तेथेही. जेवण आणि औषधे झाल्यावर रुग्णांचा डोळा लागलेला असतो. चारनंतर जाणे बरे.

मालिशपूर्वी रुग्णाला विचारायचे, आणि खरोखर विचारायचे. ‘काका, जरा पाय चेपून देतो हं’ असे म्हणत हात पुढे करणे म्हणजे विचारणे नव्हे. ज्या माणसाची सुई, जेवण, अंघोळ, कूस बदलणे हे सारे दुसऱ्यांच्या वेळापत्रकाने चालते, त्याच्याकडे ‘नको’ म्हणण्याच्या जागा फार थोड्या उरलेल्या असतात. त्यातली एक तुम्ही त्याला द्यावी आणि त्याने ती वापरली, तर मनाला लावून घेऊ नये. एक आजोबा मला सलग पाच शनिवार ‘नको’ म्हणाले. सहाव्या शनिवारी त्यांनी स्वतःच उजवा हात चादरीबाहेर काढून ठेवला. बोलले काहीच नाहीत.

वेळ दहा ते पंधरा मिनिटे पुरते. रुग्णाला पालथे झोपवायचा विचारही करू नका. दम लागणाऱ्याला उशांच्या आधाराने अर्धवट बसवलेले असते, आणि जसे असतील तसेच त्यांना राहू देऊन हात, पाऊल, खांदे, कपाळ एवढ्यावरच काम करायचे. सुवासिक तेले घरीच ठेवा. केमोथेरपीने किंवा मॉर्फिनने मळमळणाऱ्या माणसाला चंदन-मोगराही सोसत नाही. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवायचे, आणि प्रत्येक रुग्णाच्या आधी व नंतर हात धुवायचे.

स्त्री रुग्णांविषयी : आमच्याकडे त्यांचे काम स्त्री स्वयंसेवकच करतात आणि ते मला योग्य वाटते. एखाद्या आजींनी स्वतः म्हटले, घरचे जवळ असले आणि सिस्टरांची हरकत नसली, तर पुरुषाने हाताच्या पंजापुरते काम केल्याचे मी पाहिले आहे. पण त्यांच्यासाठी तुम्हाला याहून अधिक काही करता येईल, ते म्हणजे त्यांच्या लेकी-सुनांना आणि नवऱ्यांना शिकवणे. आजार लांबला की घरातला स्पर्श केवळ कामापुरता उरतो; पुसणे, उचलणे, डायपर बदलणे. काहींच्या मनात कर्करोग हात लावल्याने लागतो अशी भीती अजूनही असते. तो तसा लागत नाही हे डॉक्टरांनी दहादा सांगूनही जे होत नाही, ते तुम्ही त्या मुलाचा हात धरून त्याच्या आईच्या पंजावर ठेवला आणि ‘असा, याहून जास्त जोर नको’ असे दाखवले, की पाच मिनिटांत होते. आपल्याकडे नातेवाईक रुग्णाजवळ राहतो, त्यामुळे हे शिकवलेले रात्री दोन वाजताही कामी येते. त्या वेळी तुम्ही तेथे नसता.

तुमच्या पत्नींना सांगा की भीती रास्त आहे. काही बंधने मात्र आधीच घालून घ्या : रुग्णाच्या घरच्यांना स्वतःचा दूरध्वनी क्रमांक देऊ नये, पैसे किंवा भेटवस्तू घेऊ नये, ‘पुढच्या आठवड्यात नक्की भेटू’ असे वचन देऊ नये. दोन दुपारींऐवजी पहिले तीन महिने एकच दुपार ठेवा. समुपदेशक किंवा समाजसेविका कोण आहेत हे विचारून घ्या आणि एखादी खाट रिकामी दिसल्यावर त्यांच्याशी बोलूनच घरी निघा. मी कर्वे रस्त्यावर उतरून चहा घेते आणि मगच घरी जाते. माझ्यापुरता तो उपाय लागू पडला आहे. तुमचा तुम्हाला सापडेल.

एक_मुलगी

मी रुग्णाच्या बाजूने लिहिते आहे. आई घरी अंथरुणाला खिळून असताना ओळखीच्या कोणीतरी एका मालिश करणाऱ्यांना पाठवले होते. माणूस भला होता, पैसेही घेणार नव्हता. मी चहा ठेवायला आत गेले तेवढ्यात त्याने आईच्या दोन्ही पोटऱ्या नेहमीच्या पद्धतीने रगडल्या. आईने त्याला थांबवले नाही, कारण पाहुण्याला कसे नाही म्हणायचे, हा तिचा जन्मभराचा स्वभाव. संध्याकाळी दोन्ही पाय जांभळे पडले होते. तिच्या प्लेटलेट कमी होत्या, हे आम्हाला माहीत होते. त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्याने विचारले नव्हते. चूक आम्हा दोघांचीही होती, पण सोसले तिने.

त्यानंतर घरी भेट देणाऱ्या पथकातील सिस्टरनी मला आईच्या केसांना तेल लावायला सांगितले. केस कसले, केमोनंतर उगवलेली लव होती. बोटांच्या पेरांनी, अजिबात दाब न देता. लहानपणी दर रविवारी ती माझ्या डोक्यावर तेल थापायची, तेव्हा मी पळून जायचे. ती झोपली आणि झोपेतच घोरू लागली, तेव्हा मला कितीतरी दिवसांनी भूक लागल्याचे जाणवले.

तालीमवाला, तुम्ही जाल तेथे रुग्णाला विचाराच, पण तो भिडेखातर ‘हो’ म्हणतो आहे का, हेही पाहा. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका ‘दुखतंय’ म्हणत नाहीत. कपाळावर आठी पडते, पायाची बोटे आत वळतात, श्वास रोखला जातो. तोंडाकडे पाहत राहा.

तालीमवाला

सर्वांचे मनापासून आभार. हाडवैद्य_नव्हे यांचा मुद्दा पहिल्यांदा वाचताना खरोखरच आवडला नव्हता. दुसऱ्यांदा वाचताना सासऱ्यांच्या तळपायावर मी कोणतेही तंत्र वापरले नव्हते हे आठवले.

एका केंद्रात फोन केला. शनिवारवाली म्हणतात तसेच झाले. समाजसेविका बाईंनी सोमवारी भेटायला बोलावले आहे आणि पहिले दोन महिने मालिश नाही असे आधीच सांगितले. एक दुपारच ठरवली आहे. पत्नी म्हणाली, एकच असेल तर चालेल, पण घरी आल्यावर गप्प बसायचे नाही.

दरम्यान एक प्रयोग केला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टॉवेलची घडी ठेवून तिच्यावर माझा नेहमीचा ‘हलका’ हात ठेवला. साडेतीन किलो भरला. शक्य तेवढा हलका केला तेव्हा काटा सव्वा किलोवर आला, आणि तेथून खाली यायला मला चार संध्याकाळी लागल्या. काल रात्री दीडशे ग्रॅमवर हात स्थिर ठेवता आला, पण जेमतेम दोन मिनिटे; मग खांदा भरून आला. पैलवानाला तासभर रगडल्यावरही तो कधी भरून आला नव्हता. हात असा अधांतरी धरून ठेवण्याची काही रीत आहे का?

निवृत्त_सिस्टर

हात अधांतरी धरायचाच नाही. कोपर खाटेच्या कडेवर किंवा घडी केलेल्या चादरीवर टेकवा, स्टूल जवळ ओढून बसा आणि वजन कोपरावर जाऊ द्या. मग पंजा आपोआप हलका होतो. उभे राहून, वाकून करू नका, तुमची पाठ जाईल. पंजा सपाट ठेवा, बोटांची टोके टेकवू नका. आणि सोमवारी जाण्यापूर्वी नखे कापा.